अर्ध्या पुतळीचे सोने

बाबालाल कल्हईवाला उजव्या हाताच्या करंगळीत चांदीची अंगठी घालत असे. अंगठीच्या पाठीवर सोन्याची एक बारीक पट्टी होती. पट्टी डाख देऊन जोडलेली नव्हती, खाली खाच नव्हती, कड कुठे उचललेली नव्हती. चांदी कुठे संपते आणि सोने कुठे सुरू होते ते बोटाला कळत नसे, फक्त डोळ्याला कळे. त्याच हाताने तो दिवसभर राख आणि चिंच घेऊन भांडी घासायचा. अंगठीची चांदी झिजून पातळ झाली, पट्टी होती तशीच राहिली. मुळशीत ही गोष्ट सगळ्यांनी पाहिली होती आणि तिच्यावर कोणाचाही विश्वास नव्हता.

मी १९५५ च्या जूनमध्ये मुळशीच्या सहकारी सोसायटीत सेक्रेटरी म्हणून रुजू झालो. पहिल्याच आठवड्यात दोघांनी सांगितले की भांडी बाबालालकडे द्या, पण अंगठीबद्दल विचारू नका. तिसरा म्हणाला, ती एका मेलेल्या कोरियन माणसाच्या बोटातून काढलेली आहे. चौथ्याचे म्हणणे असे की पट्टी पितळेची आहे आणि दर आठवड्याला तो ती नव्याने लावतो. मी कॉमर्सचा माणूस. चार साक्षी एकमेकींशी जुळेनात, तेव्हा चारही बाजूला ठेवल्या आणि एक दिवस स्वतःच विचारले.

बाबालाल मूळचा इथलाच. त्याच्या बापाचे कल्हईचे दुकान जुन्या पेठेत होते. ती पेठ धरणाच्या पाण्याखाली गेली, तेव्हा बाबालाल इतका लहान होता की त्याला गाडीत एका मोठ्या पातेल्यात बसवून वर आणले. रस्त्याच्या कडेला कुडाची एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी, एवढेच पुढे त्याचे घर आणि दुकान. तरुणपणी तो खडकीला लष्कराच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांना कल्हई करायला लागला. पन्नास साली आपल्याकडून कोरियात दवाखान्याचे लष्करी पथक गेले, त्याच्या स्वयंपाकघरात मदतनीस म्हणून त्याला नेले. चोपन्नमध्ये तो परतला.

"तितं दवाखान्याच्या मागल्या बाजूला एक म्हातारा ऱ्हायचा," त्याने मला सांगितले. भाता चालू होता आणि माझेच पातेले भट्टीवर होते. "चांदीचं काम करायचा. लढाईत दुकान गेलं, पोरं गेली. उरलेला भात मी त्याला द्यायचो. मी कल्हई करताना तो बसून बघायचा. एक दिवस माझी अंगठी मागितली. कमरेच्या पिशवीतनं सोन्याचं पान काढलं, आपल्या वर्खापरीस जाड. अंगठी तापवली, पान ठेवलं आणि ओपणीनं, म्हंजी घासायच्या गुळगुळीत दगडानं, दाबलं. झालं."

"आणि मध्ये काय लावले? पारा?"

"काय न्हाई."

"काहीतरी असणारच."

"सेक्रेटरी, काय न्हाई. चांदी साफ पायजे, सोनं शंभर नंबरी पायजे, आणि ताव बरोबर पायजे. तावाचं मला शिकवावं लागलं न्हाई. कल्हईत दुसरं हाय काय?"

तिकडे आजोबांना म्हणतात तसे काहीतरी तो त्या म्हाताऱ्याला म्हणे. आमच्या कानाला ते हरबाजी असे ऐकू येई. गावानेही त्याला हरबाजीच करून टाकले, आणि हरबाजी हा कोरियातला एक नामांकित भामटा आहे असेही ठरवले. माझ्यापुरते सांगायचे तर मला बाबालालचे पटले नाही. दोन धातू मध्ये काही न घालता एकमेकांना धरतात, हे माझ्या बुद्धीत शिरेना. पातेल्याची कल्हई मात्र उत्तम होती.

पुढचे सगळे चंद्राबाईपासून सुरू झाले.

चंद्राबाई ही गावच्या पाटलांची, हैबतरावांची, धाकटी भावजय. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा आईच्या पुतळ्यांच्या माळेतल्या पुतळ्या निम्म्या निम्म्या झाल्या आणि एक वर उरली. पुतळी म्हणजे नाण्यासारखी गोल चकती, जुनी, अगदी चोख सोन्याची. ती कोणी सोडायला तयार होईना. शेवटी हैबतरावांनी ती उंबऱ्यावर ठेवून छिन्नीने मधोमध तोडली. दोन्ही तुकडे तागडीत घातले, कानस मारून सारखे केले, आणि दोन जावांच्या हातावर एकेक ठेवला. तागडी सरळ उभी राहिलेली सगळ्यांनी पाहिली. तरीही दुसरीकडे गेलेला तुकडा मोठा होता असे चंद्राबाईला वाटे आणि थोरल्या जावेला, सारजाबाईलाही वाटे. दोघी एका विहिरीवर पाणी भरत आणि एकमेकींच्या घागरीकडेच बघून बोलत.

अर्धी पुतळी माळेत ओवता येत नाही. आठ वर्षे ती चंद्राबाईच्या करंड्यात पडून होती. अठ्ठावन्न साली मुलीचे, लीलाचे, लग्न निघाले. मुलीला द्यायला चंद्राबाईकडे सासूची चांदीची वाकी होती, दंडात घालायची, रुंद आणि चपटी. ती घेऊन ती बाबालालकडे गेली.

"बाबालालभाऊ, तुमच्या अंगठीवानी ह्याला सोनं बसंल?"

"बसंल. पर चंद्राबाई, लोक बोलतील."

"लोक आत्ता काय मुके हायेत?"

नवऱ्याला, भैरूला, तिने नंतर सांगितले. भैरू थोरल्या भावापुढे तोंड उघडत नसे आणि बायकोपुढेही फारसे नाही.

त्या कामाला बाबालालला तीन आठवडे लागले. आधी वाकी तापवायची, चिंचेच्या पाण्यात बुडवायची, पुन्हा तापवायची. असे आठ-दहा वेळा केल्यावर चांदी दुधासारखी पांढरी झाली. मग पुतळीचा तुकडा ठोकून पातळ करायचा, मध्ये मध्ये लाल करून मऊ करायचा, आणि शेवटी चामड्याच्या घड्यांत घालून त्याचे पान होईपर्यंत कुटायचे. इथवर सगळे पडवीत, लोकांसमोर झाले. शेवटच्या दिवशी मात्र त्याने शेगडी खोलीत नेली, दार लावले, दाराच्या फटीत गोणपाट कोंबले. बाहेर त्याची बायको गुलशन बसली.

"आत काय चाललंय?" जो तो विचारी.

"आत माझा नवरा शिजतोय," गुलशन म्हणे. "संध्याकाळी या, वाढते."

दार लावण्याचे कारण साधे होते. धरणाच्या पाण्यावरून येणारा वारा त्या पडवीत सारखा असे. तापलेल्या चांदीवरून वाऱ्याची एक झुळूक गेली की ताव उतरतो आणि पान सुरकुतते. हे बाबालालने चंद्राबाईला सांगितले होते. गावाला सांगावे असे त्याला वाटले नाही. गावाने पाहिले ते एवढेच, की पाटलांच्या घरचे सोने बंद दाराआड गेले.

वाकी बाहेर आली ती सगळी सोन्याची दिसत होती, फक्त दोन्ही कडांना चांदीची बारीक रेघ. कापून उरलेले पानाचे तुकडे बाबालालने कागदाच्या पुडीत बांधून चंद्राबाईला दिले. "हे तुमचं. जपून ठेवा," म्हणाला. तिने पुडी करंड्यात टाकली.

यात्रेच्या दिवशी ती वाकी लीलाच्या दंडात होती. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर सारजाबाईने पुतणीला जवळ घेतले, दंड धरला, आणि बोलता बोलता वाकीवर राखेचे बोट फिरवले. एकदा, दोनदा, दहादा. काही निघाले नाही. खरे तर इथे विषय संपायला हवा होता. सारजाबाई घरी जाऊन हैबतरावांना म्हणाली, "राखंनं घासलं तरी जात न्हाई. म्हंजी नक्कीच काय तरी लबाडी हाय. माझी अर्धी पेटीत हाय, बघून घेतली मी. हिच्या अर्धीचं एवढं मोटं सोनं झालं कसं?"

"फुगवलं आसंल," हैबतराव म्हणाले.

"सोनं फुगतंय व्हय?"

"त्येच तर म्हणतोय मी. फुगत न्हाई. मग वर हाय ते सोनं न्हाई."

मला हे पाटलांनीच सांगितले, कारण ते लगेच सोसायटीत आले. त्यांचे म्हणणे सरळ होते. बाबालालने पुतळी ठेवून घेतली आणि वाकीवर कसलेतरी पाणी चढवले. त्याच्याकडे आता आणखी तीन बायका चांदी घेऊन गेल्या आहेत. गावाची फसवणूक होण्याआधी सोक्षमोक्ष लागला पाहिजे. "तुमी शिकलेले हाय. तुमी पंच म्हणून बसा."

मी बसलो. आणि एक सूचनाही केली, ती लपवण्यात अर्थ नाही. हैबतरावांना वाकी नुसती कसोटीच्या दगडावर घासून बघायची होती. मी म्हटले, दगडावर वरचाच थर उतरतो, आत काय आहे ते कळत नाही. आटवूनच बघा. हिशेबाच्या दृष्टीने मला ते चोख वाटले. सोने असेल तर आटल्यावरही असेल, नसेल तर नसेल.

पौडहून नथू सोनाराला बोलावले. नथू धातू आटवायची मूस घेऊन आला. भाता त्याच्याकडे मोठा नव्हता, म्हणून बाबालालचाच आणला. चावडीपुढे पन्नास-साठ माणसे जमली. चंद्राबाईने वाकी दिली ती रागाने. तिच्या मनातही तोवर किडा शिरला होता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते.

"आटवू नका," बाबालाल म्हणाला. "पाटील, मी हात जोडतो. आटवलं तर सोनं चांदीत जाईल. दिसायचं न्हाई कुणाला."

लोक हसले. हैबतराव म्हणाले, "बघा सेक्रेटरी. काय निघणार हाय ते ह्याला आदीच ठावं हाय."

मलाही तसेच वाटले. ज्याने सोने चोरले, तो याहून वेगळे काय बोलला असता?

"नथूशेट, तुमी तरी सांगा," बाबालाल म्हणाला.

नथू मुशीत टाकणखार टाकत होता. त्याने वर पाहिले नाही. "पंच म्हणतील ते करायचं. मी बोलवल्यावर आलोय."

वाकी मुशीत गेली, लाल झाली, खचली आणि वितळली. गार केलेला गोळा नथूने चिमट्याने पाटावर ठेवला. तो पांढराशुभ्र होता. त्यात पिवळेपणाची छटासुद्धा नव्हती. हैबतरावांनी तो उलटा केला, सुलटा केला, आणि पागोटे सारखे केले. चंद्राबाईने बाबालालकडे पाहिले. "भाऊ, माझी पुतळी कुटं हाय?" एवढेच विचारले.

"त्यातच हाय," बाबालाल म्हणाला.

कोणीतरी मागून ओरडले, "हरबाजीनं खाल्ली!" आणि पुन्हा हशा पिकला.

त्याला कोणी मारले नाही. पोलिसांत द्यायचे की नाही ते आठ दिवसांनी ठरवू, तोवर त्याने पुतळी आणून द्यावी, असे ठरले. गोळा पंच म्हणून माझ्याकडे दिला. त्या आठ दिवसांत बाबालालच्या पडवीत एक पातेलेही आले नाही. ज्यांची भांडी त्याच्याकडे होती त्यांनी कल्हई न करताच परत नेली, आणि नेताना मोजून नेली. मी गेलो तेव्हा गुलशन भट्टीची राख भरत होती.

"घ्या, तुमचं पण काय ऱ्हायलं आसंल तर घेऊन जा," ती म्हणाली. "एक चमचा हाय का बघते. न्हाईतर म्हणाल, चमचा आटवला."

बाबालाल आत होता. बाहेर आला नाही. त्याची ट्रंक बांधलेली दिसली. गुलशन म्हणाली, "खडकीला जातो म्हणतात. मी म्हटलं, जा. गेलात की चोर ठरलात. ऱ्हायलात तरी चोर. बसून काय ते ठरवा."

मी तिथे चौकशीला गेलो होतो, दया करायला नव्हे. मला वाटत होते की पुतळी त्या ट्रंकेत आहे.

सोसायटीत परतलो तर नथू सोनार बसला होता. गोळा त्याला हवा होता. "चंद्राबाईचं नुकसान नको," म्हणाला. "एवढ्याच वजनाची चांदी मी तिला देतो. वर तोळ्याला चार आणे जास्त देतो. तुमच्या कपाटात पडून काय उपयोग?"

मी त्याला म्हटले, विचारून सांगतो. तो गेला आणि मी कपाट उघडून गोळा हातात घेतला. नुसत्या चांदीला चांदीच्या भावापेक्षा जास्त कोण देईल? धर्म म्हणून देईल, तर तो धर्म वाकी आटवताना कुठे होता? आयुष्यात मी पुष्कळ कागद तपासले आहेत. मला चूक कधी आकड्यात सापडलेली नाही, ती कोणाच्या तरी घाईत सापडली आहे. नथूला घाई होती.

मी गोळा फडक्यात बांधला, गाठीवर लाख लावून सोसायटीचा शिक्का मारला आणि पाटलांकडे गेलो. म्हटले, पुण्याला चला, एकाला दाखवू. मी एकटा गेलो असतो तर मीच तो बदलला असे उद्या झाले असते. पाटील बहुधा माझ्यावर नजर ठेवायलाच निघाले. एस.टी.त ते माझ्या मांडीवरच्या फडक्याकडे बघत होते आणि मी त्यांच्या हाताकडे.

रविवार पेठेच्या मागच्या बोळात झारेकरी राहतात. सोनारांच्या दुकानातली माती, राख, झाडलोट विकत घेऊन त्यातून सोन्याचे कण काढणारे हे लोक. एका म्हाताऱ्या झारेकऱ्याने शिक्का तोडला, गोळा हातावर तोलला आणि विचारले, "यात काय शोधायचंय?"

"सोनं," मी म्हटले.

"मग आटवलंत कशाला?"

हैबतराव चिडले. "दिसंना म्हणून आणलं ना! सोनं आसतं तर पिवळं दिसलं नसतं व्हय?"

"पाच तोळ्यांत दोन मासेसुद्धा नसेल. कुठून दिसणार? भांडंभर दुधात चिमूटभर साखर टाका आणि दाखवा मला."

त्याने गोळा ठोकून पातळ केला, तुकडे केले आणि काचेच्या भांड्यात तेजाब ओतून त्यात टाकले. तांबूस धूर निघाला. आम्हाला दारात उभे केले. तासाभराने चांदी सगळी विरघळली आणि भांड्याच्या तळाशी थोडा तपकिरी गाळ उरला.

"ही तपकीर हाय व्हय?" हैबतराव म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता. "ही काय पुतळी झाली?"

झारेकऱ्याने तेजाब दुसऱ्या भांड्यात ओतले. गाळ धुतला, सुकवला, लहानशा मुशीत घातला आणि फुंकणीने फुंकू लागला. तपकीर काळवंडली, मग लाल झाली, आणि एकाएकी गोळा होऊन लकाकली. गार झाल्यावर त्याने ती हैबतरावांच्या तळहातावर टाकली. हरभऱ्याच्या डाळीएवढी, पिवळीधमक.

पाटलांनी ती दाताखाली धरून बघितली. मग झारेकऱ्याला म्हणाले, "तुमच्याकडचं तर न्हाई ना घातलं?"

"घालायला माझ्याकडं सोनं उतू चाललंय का?" म्हातारा म्हणाला. "तुम्ही समोरच उभे होता."

तेजाबात तांब्याची पट्टी ठेवून त्याने चांदीही परत काढून दिली, ती ओल्या कापसासारखी दिसत होती. परतीच्या वाटेवर सोने पाटलांच्या पागोट्याच्या पदरात होते. पौडपर्यंत त्यांनी चार वेळा पागोट्याला हात लावला, आणि चारही वेळा मी मोजले. पौड मागे पडल्यावर ते म्हणाले, "सारजीची अर्धी काढायला लागंल. तिच्याबरोबर तोलू. मग काय ते बोलू."

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर पुन्हा तेवढीच माणसे होती. तागडी नथूची. सारजाबाईने तिची अर्धी पुतळी सात घड्यांतून काढली आणि एका पारड्यात ठेवली. हैबतरावांनी दुसऱ्यात पिवळा दाणा टाकला. काटा हलला, डुलला, आणि सारजाबाईच्या बाजूला किंचित झुकून थांबला.

"कमी हाय!" हैबतराव म्हणाले. पुण्याहून येताना सगळी वाट त्यांनी हा शब्द तोंडात धरून ठेवला असावा. "थोडं का व्हईना, कमी हाय."

बाबालाल पायरीखाली उभा होता. गुलशन बोलली. "आधी पारडी बदला. उलट करून बघा."

नथूने तिच्याकडे रागाने पाहिले, पण पारडी बदलली. काटा पुन्हा सारजाबाईच्या तुकड्याकडेच तेवढा झुकला.

तेव्हा चंद्राबाई गर्दीतून पुढे आली. तिच्या हातात कागदाची पुडी होती. "ही त्यांनी मला कामाच्या दिशी दिली हुती," ती म्हणाली. "मी कचरा म्हणून टाकणार हुते. करंड्यातच ऱ्हायली." तिने पुडी उलटी केली. पानाचे कातरलेले तुकडे, नखाएवढे, काही त्याहून लहान, दाण्याच्या पारड्यात पडले. एक वाऱ्याने उडणार होता, तो तिने बोटाने दाबून धरला आणि मग सोडला.

काटा सरळ उभा राहिला.

सारजाबाई काट्याकडे बघत होती. आठ वर्षांनी तिला कळत होते की दोन्ही तुकडे खरेच सारखे होते. "बरोबर हाय," ती शेवटी म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळले नाही.

मी नथूला सगळ्यांसमोर विचारले, आटवल्यावर सोने दिसणार नाही हे तुम्हाला ठाऊक नव्हते का? तो म्हणाला, "मला कुणी विचारलंच न्हाई." हे खरे नव्हते. बाबालालने विचारले होते, आणि ते मी ऐकले होते. पण आटवायची सूचना माझी होती, म्हणून मी पुढे काही म्हणालो नाही. वाकी पुन्हा घडवून द्यायची, घडणावळ न घेता, एवढे नथूने कबूल केले.

"आणि सोनं?" चंद्राबाईने बाबालालला विचारले. "भाऊ, बसवाल ना पुन्ना?"

बाबालाल पायरीपाशीच होता. "बसवीन. पर आता मी एकटा आत जाणार न्हाई. पाटील आत बसतील. सेक्रेटरी बसतील. नथूशेट बसतील. दार लागंल आणि काम झाल्याबिगर उघडणार न्हाई."

आम्ही बसलो. पानाचे तुकडे त्या दाण्यात आटवून बाबालालने पुन्हा पंधरा दिवस सोने कुटले, आणि मग एका सकाळी आम्ही चौघांनी त्या खोलीत स्वतःला कोंडून घेतले. शेगडी पेटलेली, फटीत गोणपाट, घामाने सदरे भिजलेले. बाबालालने वाकी लोखंडी पत्र्यावर ठेवून तापवली. गवताची काडी टेकवून बघितली. काडी करपली तेव्हा मान हलवली. चिमट्याने पान उचलून वाकीवर सोडले. मग दगडाची ओपणी पाण्यात बुडवून मधोमध दाबली. चर्र असा बारीक आवाज झाला. जिथे ओपणी फिरली तिथे पानाच्या सुरकुत्या गेल्या आणि सोने चांदीला धरून बसले. मध्ये काही नव्हते. पारा नव्हता, डिंक नव्हता. चांदी साफ होती, सोने चोख होते आणि ताव बरोबर होता. त्याने मला तीन वर्षांपूर्वी सांगितले होते तेवढेच.

"श्वास पानावर सोडू नका," तो एकदाच म्हणाला, आणि पाटलांनी तोंडावर उपरण्याचा पदर धरला.

काम झाले. वाकी गार झाली. हैबतरावांनी ती हातात घेतली, उजेडाकडे धरली, आणि सगळे समोर बघितले असूनही अंगठ्याच्या नखाने एका कडेला जोरात ओरखडले. बाबालालला ते दिसले.

"घासा, पाटील," तो म्हणाला. "लाजू नका."

दार उघडले तर बाहेर सारजाबाई उभी. मुठीत तिची अर्धी पुतळी होती. "माजीबी वाकी हाय एक," ती म्हणाली. "तेवढं बसवून द्या."

"देतो. पर आदी सेक्रेटरींसमोर तोलू. आणि तुमी सवता आत बसायचं."

"आता इस्वास हाय की."

"तुमचा आसंल," बाबालाल म्हणाला.

त्यानंतर त्याने चार-पाच वर्षांत दहाबारा दागिने केले असतील. प्रत्येक वेळी आधी सोने तोलले, प्रत्येक वेळी दागिन्याच्या धन्याला आत बसवले, आपल्या मेहुण्याच्या बायकोलासुद्धा सोडले नाही. त्रेसष्ट साली सुवर्ण नियंत्रण आले, चौदा कॅरटच्या वरचा दागिना घडवायला मनाई झाली, आणि शंभर नंबरी सोन्याशिवाय हे काम होत नाही, म्हणून ते थांबले. नथूचेही दुकान त्याच वर्षी बसले. कल्हई चालू राहिली, पण तिथेही बदल झाला होता. पूर्वी बायका पडवीत भांडी ठेवून जात, बाबालाल कोणाचे काय ते ध्यानात ठेवी आणि कधी चूक होत नसे. आता तो प्रत्येक भांड्याच्या बुडाला खिळ्याने खूण करी आणि ज्याच्या त्याला सांगे, "मोजून ठेवा. नेताना माझ्यासमोर मोजा."

सदुसष्ट साली माझी बदली झाली तेव्हा मी त्याच्याकडे निरोप घ्यायला गेलो. त्याच्या करंगळीत अंगठी नव्हती. जिथे होती तिथे कातडीवर फिकट वळे राहिले होते.

"अंगठी कुठे गेली?" मी विचारले.

"हाय घरात," तो म्हणाला. "भांडी घासताना टोचत्या."

सोळा वर्षे टोचली नव्हती.